चौदा जांभळे तुकडे

१४ जुलै २०२५, सोमवार

आज महाकालाची सवारी. दोन वाजल्यापासून छत्री चौकाकडे बॅरिकेड लागले आणि गल्लीतून पायी येणंही बंद झालं. बोहनी व्हायची होती, ती राहिलीच. दुकान मंगल करून, कुलूप लावून घरी जावं तर घरी तरी कोण वाट बघतंय, म्हणून शटर अर्धं ओढून आत बसले आणि ही डायरी काढली. सुरतच्या एजंटाने दिवाळीत दिली होती, आठ महिने कोरीच पडून होती. शर्वरी हैदराबादहून फोनवर म्हणते, आई, तू एकटी असतेस, काहीतरी लिहीत जा, मन मोकळं होतं. माझं मन भरलेलं आहे असं तिला कुणी सांगितलं कोण जाणे.

तर लिहिते. मुक्ता मॅचिंग सेंटर, सतीगेट. मुक्ता माझ्या सासूबाईंचं नाव. सासऱ्यांनी, भय्यासाहेबांनी, सरकारी नोकरी सोडून हे दुकान काढलं, तेव्हा नातेवाईक म्हणाले होते की शिंद्यांच्या दफ्तरात लेखणी धरणाऱ्यांच्या घरात आता परकर विकणार. मग ह्यांनी चालवलं. चार वर्षांपूर्वी हे गेले, तेव्हापासून मी एकटी. पण रंग बघायचं काम लग्न होऊन आले तेव्हापासून माझंच. गिऱ्हाइकाची साडी हातात घ्यायची, दोन पायऱ्या उतरून उजेडात धरायची आणि आत येऊन तीनशे ताग्यांतून नेमका एक तागा ओढायचा. बायका म्हणायच्या, भाभी, आपकी आँख में मशीन है क्या?

आता साड्या फोनवरून येतात. त्यांना ब्लाउजपीस जोडलेलाच असतो. नसला तर ताणले जाणारे तयार ब्लाउज मिळतात, तेही फोनवर. अस्तर, फॉल, लेस, सगळं फोनवर. शेजारचे शैलेंद्रभाऊ बांगड्या विकतात. तेही आता दुपारभर बांगड्यांचे फोटो काढत बसतात आणि संध्याकाळी पार्सलं रवाना करतात. मला म्हणाले, भाभी, आप भी डालो. मी म्हटलं, रंग फोटोत घालून विकायची वस्तू नाही.

सवारी गेल्याचे ढोल ऐकू आले. बघायला गेले नाही. ह्यांच्याबरोबर जायची.

१८ जुलै, शुक्रवार

फ्रीगंजची एक मुलगी आईला घेऊन आली. परवा ब्लाउजपीस नेला होता, तो परत घेऊन. म्हणाली, "आंटी, ये तो ब्राउन है. मेरी साड़ी वाइन कलर की है."

मी दोन्ही घेऊन बाहेर गेले, उन्हात धरले. एकच रंग. तिला दाखवलं. ती आईकडे बघायला लागली आणि आई समोरच्या दुकानाकडे. मी भांडले नाही, तुकडा परत घेतला. साडी ऑनलाइनची होती, चकचकीत कापडाची. तसलं कापड फोटोत एक दिसतं, घरात दुसरं, उन्हात तिसरं. या कंपन्यांनी लोकांचे डोळेच बिघडवले आहेत.

मिलवाल्यांचंही काही खरं नाही. परवा पांढऱ्या रुबियाचा नवीन तागा आला, तो सरळ सरळ दुधाच्या सायीसारखा पिवळट. एजंटाला फोन केला. तो म्हणे, माँजी, वही माल है, वही नंबर है. आधी मला भाभी म्हणायचा.

२५ जुलै, शुक्रवार

अहल्याबद्दल लिहायचं राहिलं. ती माझ्या वरच्या खोलीत ब्लाउज शिवते. वडील रेल्वेत होते, भुसावळहून इकडे बदलून आले आणि इथलेच झाले. नवऱ्याने सोडलं तेव्हा ती पंचविशीची होती, पोटाशी एक मुलगी. ह्यांनीच, ती ह्यांना दादा म्हणायची, घरमालकाशी बोलून तिला वरची खोली मिळवून दिली. त्याला आता वीस वर्षं झाली. मुलगी इंदूरला नर्सिंग शिकते. रोज चार वाजता तिची मशीन थांबते, जिन्यावर चप्पल वाजते आणि मी चहा ठेवते. माझी गिऱ्हाइकं तिच्याकडे जातात, तिची माझ्याकडे येतात. आम्हा दोघींचं एकच दुकान म्हटलं तरी चालेल, फक्त मजले दोन.

हल्ली तिने एक नवीन काढलंय. येते आणि म्हणते, वहिनी, तीनशे बारा नंबरचं काढा. प्रत्येक ताग्याच्या काठावर कंपनीचा नंबर असतो, तो मी आयुष्यात वाचला नाही. मी म्हटलं, रंगाला नंबराने हाक मारायला तू कधीपासून लागलीस? ती हसली. कधी म्हणते, दोन-तीन जवळजवळचे कापून ठेवा, मी वर जाऊन लावून बघते. आज म्हणाली की समाजाच्या हॉलमध्ये डोळ्यांचा फुकट कॅम्प आहे, दोघी जाऊ. मी म्हटलं, माझा चष्मा गेल्याच वर्षी बदललाय, तू तुझे डोळे दाखव, सुईत दोरा ओवायला तुला वेळ लागतो. तिने कप विसळला आणि वर गेली.

५ ऑगस्ट, मंगळवार

एक बाई आली. सात तागे काढायला लावले, प्रत्येकाचा फोटो घेतला, काठावरचा नंबरही टिपला. मग म्हणाली, घरी विचारून सांगते. पायरीवर उभी राहूनच फोनवर ऑर्डर दिली. मला दिसत नाही असं तिला वाटलं असेल. सात तागे गुंडाळून परत ठेवायला अर्धा तास लागला.

संताप आला की बरं वाटतं. निदान कुणीतरी दुकानात आहेसं वाटतं.

१२ ऑगस्ट, मंगळवार

त्रेसष्ट पूर्ण. शर्वरीने साडी पाठवली, अर्थातच पार्सलने. लगेच तिचा फोन आला, आवडली का म्हणून. मी म्हटलं, छान आहे, पोत मऊ आहे.

राखाडी पाठवलीय. लग्नात मी स्वतः तिच्या नऊ साड्यांचे नऊ रंग निवडले होते. हे गेल्यावरसुद्धा तीच मला म्हणाली होती की आई, तू रंग सोडायचे नाहीत. आता तिनेच राखाडी पाठवली. आई म्हातारी झाली, आई विधवा आहे, असं तिला आता वाटायला लागलं असेल. लव्हेंडर लव्हेंडर करत होती, कंपन्या हल्ली राखाडीलाही लव्हेंडर म्हणत असतील. साडी कपाटात खाली ठेवली.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

काही नाही. दोन फॉल गेले.

३ सप्टेंबर, बुधवार

आज खूप दिवसांनी दुकानात आवाज होता. आपल्या महिला मंडळाची केतकी चार बायकांना घेऊन आली. नवरात्रात त्यांचा गाण्यांचा कार्यक्रम आहे आणि सगळ्यांच्या साड्या सारख्या. चौदा जांभळ्या साड्या फोनवरून मागवल्या, पण त्यांचे ब्लाउजपीस पातळ निघाले. केतकी म्हणाली, काकू, यासाठी तुमच्याशिवाय कोण? मला तिला मिठीच मारावीशी वाटली. साडी घेऊन बाहेर गेले. ढग होते, पण मला उजेड पुरतो. आत आले आणि पहिल्याच हाताला तागा लागला. बाकीच्या शेजारी बांगड्या बघायला गेल्या आणि केतकी फोनवर कुणाशी तरी बोलत होती, तिने बघितलंही नाही, इतका तिचा भरवसा. चौदा तुकडे कापले. शिवायला अहल्याकडे दिले.

अहल्याने तुकडा आणि साडी शेजारी ठेवून बराच वेळ बघितलं. मग विचारलं, "वहिनी, हाच ना नक्की?"

मी म्हटलं, चाळीस वर्षांत कधी चुकलेय? ती म्हणाली, नाही. गठ्ठा उचलून वर घेऊन गेली.

११ सप्टेंबर, गुरुवार

चार वाजून गेले तरी अहल्या उतरली नाही. मशीनही बंद. बरं नसेल म्हणून मीच दोन कप घेऊन वर गेले. गुडघे दुखतात म्हणून एरवी जात नाही.

टेबलावर पार्सल उघडलेलं होतं. फोनवाल्या कंपनीचा खोका, फाडलेली पिशवी, आणि त्यात ब्लाउजपीसची चळत. मी मोजले. चौदा. माझे चौदा कोपऱ्यात खुर्चीवर घडी घालून ठेवलेले, कात्री न लागलेले. दोन्हीकडे तोच रंग. माझ्याकडचाच रंग तिने त्यांच्याकडून मागवला.

मी म्हटलं, "तुलासुद्धा फोनच सापडला?"

ती उठली. म्हणाली, वहिनी, आधी बसा. मी बसले नाही. मला जे बोलायचं होतं ते सगळं बोलले. वीस वर्षांचं बोलले, ह्यांनी खोली मिळवून दिली तेही काढलं. ते काढायला नको होतं. ती एकदाच म्हणाली की मंडळाच्या बायका नाराज व्हायला नको होत्या. म्हणजे माझ्या कापडाने नाराज होतील. जगाने जावं फोनकडे, मला सवय झालीय. पण माझ्याच डोक्यावर बसून, माझाच चहा पिऊन?

चहा तिथेच ठेवून आले. कपही तिथेच राहिले.

१५ सप्टेंबर, सोमवार

चार दिवस वरून मशीनचा आवाज येतो. चारला थांबतो. जिना वाजत नाही. पाचला पुन्हा सुरू होतो.

एक तास ती तिथे काय करत असेल?

१९ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी टेम्पो आला आणि अहल्याची मशीन गेली. मी आत ताग्यांवरची धूळ झटकत होते. ती दाराशी आली होती असं शैलेंद्रभाऊ म्हणतात, मी पाठमोरी होते म्हणून परत गेली. मला चाहूल लागली होती. मी वळले नाही.

त्यांनीच सांगितलं की मक्सी रोडला एका ठिकाणी लागलीय, तिथे पन्नास मशीनवर तयार ब्लाउज शिवतात, ऑनलाइनला विकायला. म्हणजे माझा संशय खराच होता. खरा निघाला म्हणून समाधान वाटायला हवं होतं.

२८ सप्टेंबर, रविवार

मंडळाच्या कार्यक्रमाला गेले. चौदाजणी एका ओळीत उभ्या, साडी आणि ब्लाउज यांत दोऱ्याएवढाही फरक नाही. मध्यंतरात केतकी धावत आली, "काकू, रंग काय जुळलाय! सगळे विचारतायत कुठून घेतला." मी म्हटलं, आपल्या दुकानातून.

म्हणजे शेवटी अहल्याने माझेच तुकडे शिवले. बोलल्यावर लाज वाटली असेल तिला. मला फार बरं वाटलं. घरी येईपर्यंत बरं वाटत होतं. मग कुलूप उघडलं आणि लक्षात आलं की हे सांगायचं कुणाला, तर ज्या एकीला सांगायचं तिच्याशीच बोलणं नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार

दुकानाच्या पायरीवरून पडले. रोजची पायरी, पण तिची कडच दिसली नाही. खालची फरशी आणि पायरी एकच वाटली. शैलेंद्रभाऊंनी रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेलं. गुडघा ठीक आहे. डॉक्टरांनी डोळ्यात बॅटरी मारून बघितली आणि विचारलं, कधीपासून असं आहे? मी विचारलं, कसं? त्यांनी डोळ्यांच्या दवाखान्याची चिठ्ठी दिली.

१३ ऑक्टोबर, सोमवार

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा पूर्ण पिकलेला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, शर्वरीच्या वयाच्या. त्यांनी विचारलं, रंगों में फ़र्क़ लगता है? मी सांगितलं, बाई, माझं मॅचिंगचं दुकान आहे. त्यांनी टेबलावरची फाइल उचलून विचारलं, ये कौन सा रंग है? मी म्हटलं, काळा. त्यांनी शेजारी बसलेल्या नर्सला विचारलं. ती म्हणाली, नीला.

मला वाटलं, दोघी माझी गंमत करतायत. मी फाइल मागून घेतली आणि खिडकीशी नेली. काळीच होती.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

दिवाळी झाली. शर्वरीला सुट्टी मिळाली नाही. तिला डोळ्यांचं सांगितलेलं नाही. सांगितलं तर म्हणेल दुकान बंद कर आणि इकडे ये, आणि मग नाही म्हणायला माझ्याकडे कारण उरणार नाही.

लक्ष्मीपूजनाला दुकानात एकटीच होते. एक पणती गल्ल्यापाशी लावली. तिच्याभोवती मोठं कडं दिसत होतं. ते किती दिवसांपासून दिसतंय आणि मला ते शोभेचं वाटत होतं.

फाइलचा विचार जात नाही.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

काल उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. बरोबर शैलेंद्रभाऊंच्या मिसेस आल्या होत्या. आज पट्टी काढली. डॉक्टरीणबाईंचा कोट इतका पांढरा होता की मी विचारलं, नया है? त्या म्हणाल्या, सात साल पुराना.

घरी आले. भिंती पांढऱ्या आहेत. मी गेल्या वर्षी रंगाऱ्याशी भांडले होते की त्याने बदामी लावला. डावा डोळा झाकला की पांढऱ्या, उजवा झाकला की बदामी. कितीतरी वेळ तेच करत बसले, लहान मुलासारखी.

मग कपाटातून शर्वरीची साडी काढली. राखाडी नाही. कृष्णकमळाच्या पाकळीचा असतो तसा फिकट जांभळा. इतका सुंदर रंग मीही निवडला नसता. पोरीने आईसाठी शोधून पाठवला आणि मी अडीच महिने तिच्यावर रुसले होते.

लिहायला मनाई आहे. एवढंच.

५ नोव्हेंबर, बुधवार

आज दुकान उघडलं. काळा चष्मा काढून काळ्या रंगाच्या फळीसमोर उभी राहिले. एकोणीस तागे. त्यांतले सात नेव्ही ब्लू, दोन गर्द हिरवे, एक जांभळा. तपकिरीच्या फळीवर निम्मे वाइन आणि वांगी. मीच लावलेत. रोज मीच धूळ झटकलीय.

फ्रीगंजच्या त्या मुलीचा तुकडा अजून तिथेच होता. तपकिरी. चक्क तपकिरी. तिची आई दुसरीकडे का बघत होती ते आज कळलं. मला लाज वाटू नये म्हणून.

किती बायका अशा गेल्या असतील? मी सगळ्या फोनच्या नावावर टाकल्या.

६ नोव्हेंबर, गुरुवार

शैलेंद्रभाऊंनी वरच्या खोलीची किल्ली आणून दिली. घरमालकाला खोली रिकामी हवीय, अहल्याचं एक बोचकं राहिलंय म्हणाले. मी वर गेले. टेबलाखाली जुन्या उशीच्या अभ्र्यात बांधलेलं होतं.

सोडलं. आत ब्लाउजपीस, माझ्या दुकानातले. प्रत्येकाला टाचणीने चिठ्ठी लावलेली, अहल्याच्या तिरक्या अक्षरात. "मिसेस दुबे, नेव्ही हवा होता." "पाटणी बाजारवाल्या, मोरपंखी. वहिनींनी हिरवा दिला." "शर्माजींची सून, वाइन." पहिल्या चिठ्ठीवर गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीची तारीख. एकूण सव्वीस. आणि खाली घडी घातलेले चौदा. तपकिरी. त्यांच्यावर चिठ्ठी नव्हती.

म्हणजे दीड वर्षाहून जास्त काळ मी चुकीचा रंग द्यायची, ती बाईला काही न सांगता बरोबर रंगाचं कापड कुठून तरी आणायची आणि ब्लाउज शिवून द्यायची. बाई खुश होऊन माझ्याकडे परत यायची. कधी तो रंग माझ्याच फळीवर असायचा, तो नंबर सांगून काढून घ्यायची. नसला की बाहेरून. मंडळाचे जांभळे चौदा बाजारात कुठे मिळाले नसतील, म्हणून फोनवरून.

तिच्या खुर्चीवर बसून राहिले. चार वाजले, पाच वाजले. दुकान खाली उघडंच होतं. कुणी आलं नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

अहल्याकडे गेले. ऋषिनगरच्या पुढे, दोन खोल्या. वीस वर्षांत मी तिच्या घरी एकदाच गेले होते, मुलीच्या उशिराने झालेल्या बारशाला. तिने दार उघडलं आणि आधी माझ्या काळ्या चष्म्याकडे बघितलं. म्हणाली, झालं का? मी म्हटलं, एक झाला, दुसरा महिन्याने. तिने हात धरून आत बसवलं.

बोचकं मी बरोबर नेलं होतं. ते दोघींच्या मध्ये ठेवलं. मी विचारलं, "का नाही सांगितलंस?"

"तीनदा सांगायला खाली आले. कॅम्पचं निमित्त केलं, तुम्ही हसलात." मग म्हणाली, "दादा गेले तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, आता माझ्याजवळ एवढी नजरच उरलीय. ती गेली हे सांगायला मीच येऊ का?"

ती अभ्र्याची गाठ पुन्हा बांधायला लागली. खाली बघतच म्हणाली, "आणि माझंही होतं त्यात, वहिनी. तुम्ही दुकान बंद केलं असतं तर चार वाजता मी कुठे उतरले असते?"

मी म्हटलं की त्या दिवशी मी जे बोलले, दादांचं नाव काढून, ते... ती म्हणाली, "मला काही ऐकू आलं नाही. मशीन चालू होती."

मशीन बंद होती. मला चांगलं आठवतं.

मी तिला परत यायला सांगितलं. ती नाही म्हणाली. मुलीचं शेवटचं वर्ष आहे, तिथे महिन्याचा पगार ठरलेला आहे, कापड कापून समोर येतं, रंग बघायचा नसतो, गिऱ्हाइकाशी बोलायचं नसतं. दिवसभर कुणाशीच बोलायचं नसतं, असंही म्हणाली. चहा तिने केला. साखर जास्त झाली होती. दोघींनी प्यायला.

१६ नोव्हेंबर, रविवार

अहल्याला आज सुट्टी होती. न सांगता आली, साडीचा पदर खोचून. सकाळी दहापासून आम्ही सगळे तागे खाली काढले आणि पुन्हा लावले. काळे वेगळे, नेव्ही वेगळे, वांगी वेगळे. सुरुवातीला ती प्रत्येक ताग्याचा काठ उलटून नंबर वाचत होती आणि मी नाव सांगत होते. दुपारनंतर तिने नंबर वाचणं सोडून दिलं. मी सांगेन तिथे ठेवत गेली. मध्येच शैलेंद्रभाऊंनी समोसे पाठवले. तिने कारखान्यातल्या गमती सांगितल्या. तिथली सुपरवायझर सगळ्या जांभळ्या रंगांना एकच नाव देते, म्हणून निम्मे ब्लाउज गिऱ्हाइकाकडून परत येतात. आम्ही हसलो. किती दिवसांनी या दुकानात हसण्याचा आवाज आला.

निघताना म्हणाली, पुढच्या रविवारपासून लग्नसराईचं काम आहे, सुट्टी बंद. कधी येता येईल सांगता येत नाही. मी म्हटलं, चालेल. चालेल असं म्हणण्यासारखं नव्हतं, पण तिच्याकडूनही काही होण्यासारखं नव्हतं.

ती गेल्यावर बसून होते. दुकान आता लग्न होऊन आले तेव्हा होतं तसं दिसतंय. ते चालेल की नाही माहीत नाही. बहुतेक नाही. फोन काही कुठे जात नाही. पण आता एखादी बाई पायरीवरून परत गेली तर ती फोनसाठीच गेली असं खात्रीने म्हणता येईल, माझ्यामुळे गेली का हा प्रश्न उरणार नाही. आणि आज लक्षात आलं की रागवायलाही कुणी उरलेलं नाही. वर्षभर कंपन्यांवर, मिलवर, रंगाऱ्यावर, पोरीवर, अहल्यावर राग धरून बसले होते. तेवढीच सोबत होती. आता दुकानात फक्त कापड आहे.

पाच वाजता मीच शर्वरीला फोन लावला. नेहमी ती लावते, दहा मिनिटं बोलते. तिने घाबरूनच उचलला, काय झालं आई? मी सगळं सांगितलं. पडले ते, ऑपरेशन, साडी राखाडी वाटली ते, सव्वीस चिठ्ठ्या, चौदा तुकडे, अहल्याशी कसं बोलले तेही. काही गाळलं नाही. पलीकडून तिच्या नाक ओढण्याचा आवाज आला.

मी वाट बघत होते की आता म्हणेल, दुकान बंद कर आणि इकडे ये. ते ती म्हणाली नाही. म्हणाली, दुसऱ्या डोळ्याच्या वेळी मी येते, तारीख घे आणि मला सांग, मी सुट्टी मागतच नाही, टाकते. आणि मग म्हणाली, "आई, अहल्यामावशीचा नंबर दे मला."

मी सांगायला लागले. दोनदा सांगावा लागला. पहिल्या वेळी मीच दोन आकडे उलटे सांगितले.